समुद्राकडचं परस्थान

अकोल्याच्या डॉक्टरांनी नानाजींच्या छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवून पाहिली आणि महिनाभर समुद्राची हवा घ्या असं सांगितलं. हे ऐकायला खोलीत फक्त नानाजी आणि त्यांचा धाकटा मुलगा बबनराव होते. तरी आठवड्याच्या आत केनवडच्या पाटलांच्या घरात दम्याची साथ पसरली.

पहिली लागण थोरल्या सुनेला झाली. रुखमाबाई चुलीपुढे बसली की तिला धाप लागू लागली, आणि चुलीपासून उठली की ती थांबत असे. तिच्या नवऱ्याच्या, शालिग्रामच्या, पाठीत कळ निघाली. ती खाऱ्या पाण्यानंच जाईल, हे निदान त्यानं स्वतः केलं. धाकटी सून विजयमाला अमरावतीच्या वकिलाची मुलगी. तिनं दम्यासारखा गावठी आजार पत्करला नाही. तिला हवापालट हवा होता. नानाजींची विधवा बहीण गोजराबाई भावाच्याच घरी राहत असे आणि तिची प्रकृती ठणठणीत होती. ती आजारांच्या भानगडीत पडली नाही. समुद्रात एकदा बुडी मारली की सगळ्या नद्यांच्या स्नानाचं पुण्य एकदम पदरात पडतं, कारण सगळ्या नद्या शेवटी तिथंच जातात, असा तिचा हिशेब होता आणि तो खोडून काढणं कुणाला जमलं नाही.

नानाजींच्या बायकोला, सोजरबाईंना, काहीही झालं नाही. घरात इतके आजारी असताना स्वयंपाक कुणाला तरी करायचाच होता.

बबनरावाच्या नागपूरच्या एका वकील मित्राचा अलिबागला समुद्रकाठी बंगला होता आणि तो वैशाखात रिकामा मिळणार होता. मुंबईपर्यंत आगगाडीनं जाणं सोपं होतं. पण आगगाडी कुणाही पाटलासाठी थांबत नाही हे नानाजींनी एकदा मूर्तिजापूरला अनुभवलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी तिच्याशी संबंध तोडले होते. म्हणून मोटर ठरली. मालेगाव ते वाशीम सर्विस चालवणाऱ्या जमशेदची. जमशेद केनवडचाच. गावाच्या पश्चिम टोकाला, मेहकर रस्त्यावरच्या शेवटच्या घरात त्याची आई सकीना राहत असे. मेहकर, जालना, औरंगाबाद, नगर, पुणे असा रस्ता जमशेदनं तोंडपाठ सांगितला. प्रत्यक्षात तो मेहकरच्या पलीकडे कधी गेला नव्हता, पण हे त्याला कुणी विचारलं नाही.

अडचण जागेची होती. जमशेदच्या शेजारी एकजण आणि मागे तिघं. बारीक असतील तर चौघं. पुढची जागा नानाजींची. मागच्या जागेवरून घरात जे राजकारण झालं त्यापुढे मागल्या वर्षीचा वाटणीचा वाद काहीच नव्हता.

त्या वादापासून शालिग्राम आणि बबनराव एकमेकांशी तिसऱ्याच्या तोंडून बोलत. आता ते दोघं गोठ्यामागे जाऊन बसले आणि इतका लांबचा प्रवास बायकांना झेपणार नाही यावर त्यांचं एकमत झालं. भाऊ एक झाले म्हणून नानाजींना बरं वाटलं. ही एकी संध्याकाळपर्यंत टिकली. तोवर रुखमाबाई आणि विजयमाला, ज्या लोणच्याच्या बरणीवरून होळीपासून अबोल होत्या, एका पाटावर बसून गहू निवडताना दिसल्या. रात्रीच्या जेवणाला विजयमालानं नवऱ्याला विचारलं की बंगल्याची किल्ली द्यायला मित्राची बायको आली तर तिच्याशी कोण बोलणार. आणि रुखमाबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं काळजी व्यक्त केली की घरचे दोन्ही पुरुष गेले तर बैलांकडे कोण बघणार. बैलांचा विषय निघताच बबनराव शालिग्रामकडे बघू लागला. शेतीतलं त्याला काही कळत नाही, हे त्यानं प्रथमच मोकळ्या मनानं कबूल केलं. गोजराबाईनं आपलं वजन सुनांच्या पारड्यात टाकलं, कारण तिचा पितळी तांब्या वाटेत धरून बसायला रुखमाबाई तयार झाली होती. शालिग्राम आपल्या पाठीच्या कळेसह मागे राहिला.

तरी चौघं मावतात की नाही हे बघायचं होतं. जमशेदनं मोटरीच्या मागच्या सीटची रुंदी सुतळीनं मोजून आणली. अंगणात दोन बाजा एकीमागे एक मांडल्या आणि मागच्या बाजेवर सुतळीच्या मापानं दोन चिंध्या बांधल्या. त्या दोन चिंध्यांच्या आत जे बसतील ते समुद्र पाहणार होते.

पुढच्या बाजेवर नानाजी पागोटं घालून बसले. मागे बबनराव, विजयमाला, गोजराबाई आणि शेवटी रुखमाबाई. रुखमाबाई बसली तेव्हा चिंधी तिच्याखाली गेली.

“जराशी आत सरक व,” गोजराबाई म्हणाली.

“आत जागा असन तर सरकू ना, आत्या. आता काय बबनभाऊच्या मांडीवर बसू?”

बबनराव बाजेच्या टोकाकडे इतका सरकला की उतरलाच. जमशेद कमरेवर हात ठेवून हे बघत होता. त्यानं नानाजींना समजावलं. “पाटील, बाज हालत नाई. मोटर हालते. हालली का सारे आपोआप बसतात. मी रोज मान्सं असेच भरतो.”

तेवढ्यात सोजरबाई चहा घेऊन आल्या. जमशेदनं कप घेतला, भरलेल्या बाजेकडे बघितलं आणि सहज विचारलं, “अन् बाई कुठं बसतीन?”

हा प्रश्न त्या दिवसापर्यंत कुणालाच पडला नव्हता. बाजेवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. उत्तर नानाजींनीच दिलं, आणि जरा घाईनंच दिलं.

“ते कायले येते? घर कोन पाहीन?”

“चहा थंडा होऊन राह्यला,” सोजरबाई म्हणाल्या.

सगळ्यांचा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी रिकामे कप गोळा केले आणि आत गेल्या. आत जाऊन त्या थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. सोजरबाईंचं जग पूर्वेला वाशीमच्या बालाजीपर्यंत आणि पश्चिमेला लोणारच्या धारेपर्यंत होतं. खारं पाणी त्यांनी लोणारच्या तळ्यात पाहिलं होतं. पण त्या तळ्याचा पलीकडचा काठ दिसतो. पलीकडचा काठच नाही असं पाणी डोळ्यांना कसं दिसत असेल, हे त्यांना एकदा बघायचं होतं. दम्याची, पुण्याची किंवा हवापालटाची त्याला जोड देता येत नव्हती. म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

नानाजींच्या घाईला कारण होतं, आणि ते देवघरात होतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी नानाजी कापसाच्या सौद्यासाठी मुंबईला गेले होते. येताना त्यांनी सोजरबाईंसाठी एक पांढरा शंख आणला. भर समुद्रात उतरून, स्वतःच्या हातानं काढून. ही हकीकत ते दर दिवाळीला पाहुण्यांना सांगत. पहिल्या साली पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत होतं. शालिग्राम जन्मला तेव्हा ते गुडघ्याला लागलं, बबनरावाच्या मुंजीच्या वयात कमरेवर आलं आणि अलीकडे ते छातीपर्यंत चढलं होतं. सोजरबाई तो शंख रोज देवांबरोबर घासून ठेवत.

खरी गोष्ट अशी होती की मुंबईत नानाजींचे सगळे दिवस दलालाच्या पेढीवर गेले. समुद्राकडे जाणं राहूनच गेलं. शंख त्यांनी परत येताना अकोल्याच्या स्टेशनावर एका बैराग्याकडून घेतला. बरोबर फक्त मेहुणे होते, गोजराबाईचे यजमान. ते वारल्याला आता बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे नानाजी त्या बाजूनं निर्धास्त होते. पण बायको समुद्रावर आली तर पहिल्याच दिवशी ती जागा दाखवा म्हणेल, हे त्यांना बाजेवर बसल्या बसल्या लख्ख दिसलं.

निघायचा दिवस शुक्रवार ठरला, कारण बंगला रविवारपासून मोकळा होता. जोशीबुवांनी मान हलवली. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. यावर उपाय ठरलेला होता: गुरुवारी प्रस्थान ठेवायचं. मुहूर्ताच्या वेळेला प्रत्येक प्रवाशाची स्वतःची एक वस्तू फडक्यात बांधून प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू गेली म्हणजे माणूस निघाला. मग देह दुसऱ्या दिवशी सावकाश गेला तरी चालतो. पाटलांच्या घरचं पश्चिमेचं प्रस्थान पिढ्यान्‌पिढ्या सकीनाच्या घरी ठेवलं जाई, कारण त्यापुढे गावात घरच नव्हतं. सकीनाला या मानाचं मोठं अप्रूप होतं. त्या गाठोड्यासाठी तिनं एक कोनाडा राखून ठेवला होता आणि त्यात ती दुसरं काही ठेवू देत नसे.

नानाजी वाटणीत तडजोड करत, सौद्यात करत, पण प्रस्थानात नाही. त्यांचे चुलते पुंजाजी तिरुपतीला निघाले होते. काठी प्रस्थानात ठेवून झाली आणि रात्री त्यांना बैलजोडीचं गिऱ्हाईक आलं. त्यांनी गडी पाठवून काठी परत मागवली. त्या पावसाळ्यात मळ्यातली विहीर ढासळली. विहीर आधीपासूनच पोचट जमिनीत होती, असं बबनराव म्हणे. नानाजी त्यावर एवढंच विचारत की मग ती त्याच साली काहून ढासळली.

गुरुवारी दुपारी माजघरात पिवळं फडकं पसरलं. नानाजींनी उपरण्याच्या काठाला बांधलेली सुपारी ठेवली. गोजराबाईनं तुळशीची माळ ठेवली, रुखमाबाईनं वेणीचा गोंडा. विजयमालानं केसातला चाप काढून दिला. बबनरावानं, आपण शिकलेले आहोत हे कळावं म्हणून आधी हसून, रुमाल ठेवला. मग रुखमाबाईच्या पदराखालून आणखी एक वस्तू हळूच फडक्यावर आली. नानाजींनी ती उचलून वर धरली. शालिग्रामची तंबाखूची चंची.

शालिग्राम दारातच होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की चंची गेली तर बघू, जागा पुढेमागे निघेलही. नानाजी त्याच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि नियम सांगितला.

“ज्याचं त्यानं आपल्या हातानं ठेवाव. अन् आपल्याच हातानं काढाव. ठेवलं तो गेला. मंग त्याले घरात वापस घेता येत नाई, मी म्हनलं तरी नाई. समजलं?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. चंची शालिग्रामच्या हातात परत गेली. गाठ मारायची आणि गाठोडं पोचवायचं काम घरातल्या वडील सवाष्णीचं, म्हणून फडकं सोजरबाईंकडे आलं. माणसं पांगली. त्या फडकं घेऊन देवघरात गेल्या, देवाला दाखवलं, गाठ मारली आणि उन्हात बाहेर पडल्या.

सकीना ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिनं हात धुतले आणि गाठोडं घेतलं. आजवर तिनं पाटलांची बरीच प्रस्थानं सांभाळली होती. त्यात सुपारी आणि तांदूळ यांपलीकडे काही नसे. हे तिनं एकदा तळहातावर तोललं.

“आज जड हाये, बाई.”

“लांबचा परवास हाये,” सोजरबाई म्हणाल्या.

सकीनानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग आणखी काही न विचारता गाठोडं कोनाड्यात ठेवलं आणि त्यांना बसायला घोंगडी टाकली. सोजरबाई त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. घरी परतताना त्या उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबल्या होत्या आणि मग मागच्या दारानं आत आल्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी उजाडायच्या सुमाराला मोटर दारात आली. विजयमालाची पेटी, गोजराबाईचा तांब्या, फराळाचे डबे आणि नानाजींची तोशक यांनी मागची बाजू भरली. नानाजी आंघोळ करून देवघरात गेले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. शंख कुठं आहे, असं ते विचारत होते.

पुढचा काही वेळ घरात चौकशी चालली. गोजराबाईला आठवलं की काल देवघराजवळ रुखमाबाई घुटमळत होती. रुखमाबाईला आठवलं की धाकट्या जाऊबाईंना शंख अमरावतीच्या घरी शोभेल असं एकदा वाटलं होतं. विजयमालानं आपली पेटी उतरवून उघडून दाखवायची तयारी केली. दोघी जावांची युती देवघराच्या उंबऱ्यात संपली. सोजरबाई पाटावर प्रवासाच्या दशम्या फडक्यात बांधत होत्या. त्यांनी शेवटची घडी नीट घातली.

“शंख गेला,” त्या म्हणाल्या.

“गेला म्हंजे? कुठं गेला?” नानाजींनी विचारलं.

“परस्थानात.”

बाहेर जमशेद मोटरीचा भोंगा पुसत होता, त्याचा पूं असा बारीक आवाज तेवढा आला.

सगळ्यात आधी बबनराव सावरला. त्यानं वकिली रीतीनं विचारलं की कुणी ठेवला. आईनं स्वतःच्या हातानं, असं उत्तर मिळाल्यावर त्यानं सुचवलं की जाऊन परत आणू. नानाजींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याला विहिरीचा तळ दिसला. मग त्याला मुद्दा सापडला. शंख आईचा नाहीच, तो देवांचा आहे. म्हणजे नियमाप्रमाणे निघाले ते देव. आई निघाली असं धरता येत नाही. देवांची वस्तू आत्या घेऊन जाईल, आणि आई घरी राहील. हा मुद्दा नानाजींना फार पसंत पडला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

“देवाचा कसा?” सोजरबाईंनी शांतपणे विचारलं. “ह्यायनं मलेच आनून देला होता. पान्यात उतरून. दर दिवाळीले सांगतात ना. विचारा.”

सगळे नानाजींकडे वळले. नानाजींनी छातीवर हात ठेवला, जिथवर अलीकडे पाणी आलं होतं. दिला नव्हता असं म्हणायचं तर पाण्यातून बाहेर यावं लागत होतं.

“देला होता,” ते म्हणाले.

“मंग वहिनी गेली,” गोजराबाईनं निकाल दिला. ती इतक्या चटकन भावजयीच्या बाजूला गेली की रुखमाबाई चकित झाली. “कालपासूनच गेली. आता तिले घरात ठेवाचं का नाई, हे विचारताच येत नाई. विहीर एकच उरली हाये, नाना.”

नानाजींनी हिशेब करून पाहिला. सोजरबाईंना ठेवता येत नव्हतं. जागा करायला दुसऱ्या कुणाला उतरवता येत नव्हतं, कारण तेही सगळे कालच निघून गेले होते. घरात असा एकच माणूस होता की जो अजून गेला नव्हता, आणि तो दाराला टेकून तंबाखू मळत होता.

“अन् मी खाऊ काय?” शालिग्रामनं विचारलं.

“पीठ मोठ्या डब्यात हाये,” सोजरबाई म्हणाल्या. “तवा तुले ठाऊकच हाये. लहानपनी पोळला होता त्याच्यावर.” मग त्यांनी कोनाड्यातून लुगडं बांधलेलं गाठोडं काढलं. ते केव्हाच बांधून तयार होतं.

जागेचा प्रश्न जमशेदनं मिटवला. विजयमालाची पेटी उतरली आणि तिचं हवापालटाचं सामान दोन पिशव्यांत आलं. चारही बायका मागे बसल्या. बबनरावाला पुढे, नानाजी आणि जमशेद यांच्या मधे बसवलं. गियरचा दांडा त्याच्या दोन गुडघ्यांमधे आला आणि जमशेदनं त्याला ताकीद दिली की चढ आला की पाय वर घ्यायचे. मोटर हलली. जमशेदनं सांगितलं होतं तसंच झालं: रुखमाबाई बसली.

सकीनाच्या घरापुढे मोटर थांबली. कोनाड्यातलं गाठोडं ओट्यावर सुटलं. ज्यानं त्यानं आपलं आपल्या हातानं उचललं. शेवटी फडक्यावर शंख राहिला. सोजरबाई मोटरीतून उतरल्या, त्यांनी तो घेतला आणि पदरात धरला. सकीनानं त्यांच्या हातात एक रिकामी शिशी दिली. त्यात तिला थोडं पाणी हवं होतं. लोणारच्यापेक्षा खारं आहे की कमी, हे तिला घरी चाखून बघायचं होतं.

मेहकरचा रस्ता लागला. ऊन अजून चढायचं होतं. वाऱ्यानं नानाजींच्या पागोट्याचा शेमला उडत होता आणि बबनरावाच्या तोंडावर येत होता. नानाजींच्या बरोबर मागे सोजरबाई होत्या. बऱ्याच वेळानं, मागे न वळता, समोरच्या धुळीकडे बघत नानाजी बोलू लागले. समुद्र फार मोठा असतो, ते म्हणाले. पाणी दर वर्षी मागेपुढे सरकतं. खडक झिजतात, खुणा बुजतात. इतक्या वर्षांपूर्वी माणूस कुठं उतरला होता ती जागा आता कुणाला दाखवता येईलच असं नाही. आणि अलिबाग म्हणजे काही मुंबई नाही.

सोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या थोड्या पुढे वाकल्या, म्हणजे मोटरीच्या आवाजात ऐकू जावं.

“नाई सापडली तरी चालते,” त्या म्हणाल्या. “येताना अकोल्यावरून येऊ. तिथं टेसनावर पाहू, सापडली तर.”

बबनरावाला काही कळलं नाही. चढ आला होता आणि त्यानं पाय वर घेतले होते. मागे गोजराबाई तांब्या दोन्ही हातांनी धरून, रस्त्याकडेच्या पळसांकडे फार लक्ष देऊन बघत होती.